एकसष्टपासून पुढे

त्या दिवशी मी फक्त चादरी वाळत घालायला गेलो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ज्यांना ज्यांना मी ही गोष्ट सांगितली त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की तिथे गेलातच कशाला? तर, चादरी वाळत घालायला. एकशे वीस चादरी, दुपारचे दोन, लख्ख ऊन आणि अंगाला जेमतेम जाणवेल इतका वारा. बरोबर माझी आत्या आणि माझी पाच वर्षांची मुलगी. यात घाबरण्यासारखं काय होतं?

जागा मात्र नीट सांगायला हवी. जुन्या हॉस्पिटलच्या मागे एक बैठी, लांबलचक इमारत आहे. ती हॉस्पिटलची लाँड्री. चार वर्षांपूर्वी हॉस्पिटल नव्या इमारतीत गेलं, तिथे नवी यंत्रं आली आणि ही लाँड्री बंद पडली. दारातून आत गेलं की आधी दगडी हौद लागतात, मग बॉयलर, मग इस्त्रीचे रूळ, आणि सगळ्यात शेवटी गरम खोली. पावसाच्या दिवसांत चादरी तिथे वाळायच्या. भिंतीतून वाफेचे नळ फिरवलेले आणि जमिनीपासून छतापर्यंत लाकडी फळ्यांचे रुंद कप्पे. इमारतीच्या मागे वाळवणाचं मैदान आहे. लोखंडी खांबांच्या बारा ओळी आणि त्यांवर ताणलेल्या तारा.

माझं बालपण या मैदानात गेलं. आई मला आठवत नाही, वडील बोटीवर असायचे. आत्या लाँड्रीत रुळावर कामाला होती आणि मागच्या दोन खोल्यांत राहायची. तिनेच मला वाढवलं. नऊ वर्षांचा असताना मला शिष्यवृत्ती मिळाली आणि काका येऊन मला दूरच्या शाळेत घेऊन गेला. तिथून मी आणखी दूर गेलो, मग त्याहूनही दूर. मुलं कशी खेळतात, या विषयावर तिकडे सहा वर्षं अभ्यास केला, जाडजूड प्रबंध लिहिला, आणि एक दिवस ठरवलं की आता परत जायचं. ज्या गावात मुलांना खेळायला जागा नाही ते गाव उपाशी आहे, असं मी भेटेल त्याला तावातावाने सांगत होतो. हॉस्पिटलच्या समितीमागे आठ महिने, आधी तिकडून पत्रं लिहून आणि मग इथे येऊन, हात धुऊन लागलो. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, शनिवारी आम्ही बघायला येतो. लाँड्रीचं खेळघर कसं होणार ते दाखवा.

मला दाखवायचा होता चादरींचा चक्रव्यूह. कोठीत जुन्या चादरींचे गठ्ठे सापडले होते. आत्याने आणि मी दोन दिवस खपून त्या धुतल्या. मुलांनी त्यांच्यातून पळावं, हरवावं, सापडावं, अशी माझी कल्पना होती.

"चिमटा दोन बोटांत धर रे. पेन नाही तो," आत्या म्हणाली. अडुसष्ट वर्षांची आहे, पण चादर झटकते तेव्हा फटाका वाजल्यासारखा आवाज होतो. "एवढं शिकून आलास आणि चादर उलटी घालतोस."

"चादरीला उलटं-सुलटं असतं?"

"खूण बघ ना. लाल दोऱ्याची. खूण नेहमी उजव्या हाताला, खाली."

प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने वॉर्डचं अक्षर आणि बेडचा आकडा शिवलेला होता. धुऊन धुऊन चादरी पातळ झाल्या होत्या, पण तो लाल रंग तसाच होता.

"टिटवीला बोलाव की मदतीला."

"नको. तिला खेळू दे. ती आपली आपण काय खेळ शोधते, ते मला बघायचंय."

खिशात माझी वही होती. आत्याने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मूल आहे का पाखरू? लांबून बघून वहीत लिहायला?"

टिटवी म्हणजे माझी मुलगी. अखंड बडबडीमुळे पडलेलं नाव. पण बायकोचं तिकडचं काम संपायला अजून तीन महिने होते, म्हणून आम्ही दोघंच पुढे आलो, आणि इथे आल्यापासून टिटवी गप्प झाली. खेळणी मांडून नुसती बसायची. मी जवळ जाऊन बसलो की माझ्या वहीकडे बघायची. रात्री फोनवर बायको विचारायची, "हसली का ग आज?" मला नाही, आत्याला. मी काय उत्तर देणार हे तिला माहीत होतं. जगभरच्या मुलांच्या खेळावर मी व्याख्यानं द्यायचो, आणि माझ्या घरातलं एक मूल खेळायचं विसरत होतं. मला दुसरं काही नको होतं. ती हसायला हवी होती.

त्या दुपारी ती पिवळा फ्रॉक घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या फ्रॉकची बटणं पाठीवर आहेत आणि तिचे हात तिथे पोचत नाहीत. सकाळी घाईघाईत मी ती लावताना एक बटण चुकवलं होतं. फ्रॉक एका खांद्यावर तिरका झाला होता.

"बाबा, तू खेळायला आलास का लिहायला?"

"दोनच मिनिटं हं पिल्ला."

ती वळली आणि चादरींमध्ये गेली. एक चादर हलली, मग दुसरी, मग पलीकडची. मग काहीच हललं नाही.

थोड्या वेळाने मोजण्याचा आवाज आला. बारीक, संथ आवाज, शाळेतल्यासारखा. तिसऱ्या ओळीच्या पहिल्या खांबापासून येत होता. मी खूश झालो. खिशातून वही काढली. आणि मग मला आकडे ऐकू आले.

"एकसष्ट… बासष्ट… त्रेसष्ट…"

टिटवीला वीसपर्यंत मोजता यायचं. एकोणीसला नेहमी अडखळायची.

मी चादर बाजूला करून गेलो. ती खांबाला कपाळ टेकून उभी होती.

"टिटवी, हे कोणी शिकवलं तुला?"

"तिने."

"कोणी?"

"ती म्हणाली, तुझा बाबा साठपर्यंत मोजून गेला. पुढचं राहिलंय." तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. कित्येक दिवसांनी तिच्या डोळ्यांत चमक होती. "तू मोजतोस का बाबा? आम्ही लपतो."

मागे आत्याच्या हातातली ओली चादर खाली पडल्याचा आवाज आला.

बावीस वर्षांत मला जे एकदाही आठवलं नव्हतं, ते मग आठवलं.

आमचा लपंडाव कडक असायचा. ज्याच्यावर राज्य असेल त्याने त्याच खांबावर डोळे टेकून शंभरपर्यंत मोजायचं. लपलेलं कोणी दिसलं की नाव घेऊन ओरडायचं. नाव चुकलं की अंडं फुटलं! सगळे टाळ्या पिटत बाहेर येणार आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच. म्हणून आम्ही एकमेकांचे कपडे घालून लपायचो. चादरीखालून ओळखीची बाही दिसली की राज्य असलेला फसलाच. या युक्तीवर माझ्या प्रबंधात चौदा पानं आहेत. आणि डाव मोडायचा तो फक्त राज्य असलेल्याने. खांबाला हात लावून त्याने ओरडायचं, 'डाव संपला, सगळे बाहेर या.' तोवर लपलेल्याने बाहेर यायचं नाही.

मुलांच्या वॉर्डचं मागचं दार मैदानात उघडायचं. तिथून एक मुलगी यायची, सहा-सात वर्षांची. अंगात हॉस्पिटलचा घोळदार झगा, खिशावर लाल दोऱ्याने नऊ. नाव आम्ही कधी विचारलं नाही. आमच्यासाठी ती नऊनंबर. पळताना तिला धाप लागायची, म्हणून तिला आम्ही कच्चं लिंबू ठेवलं होतं. तिने खेळायचं, पण ती सापडली तरी धरायचं नाही. एका दुपारी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आज मी कच्चं लिंबू नाही. आज मला खरं शोधायचं."

राज्य माझ्यावर होतं. मी साठ म्हटलं आणि काकाने मागून मला उचललं. गाडी फाटकात चालूच होती. मी हातपाय झाडले, आत्यासाठी रडलो. डावाचं डोक्यातही आलं नाही.

"आत्या, त्या दिवशी नऊनंबर…"

"मला वाटलं तुला कळलंच असेल." आत्या चादरींच्या ट्रॉलीच्या काठावर टेकली. खाली पडलेली चादर तिने मांडीवर घेतली आणि उगीचच घड्या घालायला लागली. "संध्याकाळी वॉर्डच्या सिस्टर शोधत आल्या. आम्ही सगळ्या शोधायला लागलो. गरम खोलीत, सगळ्यात खालच्या कप्प्यात होती. अंगावर चादर ओढून. बाहेर यायलाच तयार नाही. म्हणते, मला अजून शोधलं नाही."

"मग?"

"उचलून नेली. वॉर्डातही तोंडावर चादर घेऊनच पडून असायची म्हणे. सिस्टर जवळ गेल्या की चादर जराशी वर करायची आणि ओठावर बोट ठेवायची. सांगू नका, मी लपलेय."

"आणि मग, आत्या?"

"मग काय…" तिने घडीवरून हात फिरवला. "चौथ्या दिवशी नऊ नंबरची चादर धुवायला आली. घरी नेलं म्हणे कोणी. कोणी काही म्हणे. आम्ही धुणारी माणसं. आम्हाला चादर तेवढी कळते."

"नाव काय होतं तिचं?"

"चादरीवर नाव नसतं रे."

टिटवी खांबापाशी एका पायावर उभी राहून आमची वाट बघत होती. "मोजतोस ना बाबा?"

मी काय करायला हवं होतं, हे आता सांगणं सोपं आहे. तिला उचलायचं आणि घरी जायचं. पण तिच्या चेहऱ्यावर ते हसू येऊ घातलं होतं, ज्याची मी कित्येक दिवस वाट बघत होतो. आणि खरं सांगू? माझ्या आतही काहीतरी उड्या मारायला लागलं होतं. मी वही आत्याच्या ट्रॉलीत टाकली. बूट काढले. खांबाला कपाळ टेकलं. लोखंड उन्हाने तापलं होतं आणि त्याला तोच वास होता, गंज आणि साबणाचा.

"चौसष्ट! पासष्ट!" मी ओरडलो.

मागे पावलांची धावपळ. एक खुसखुस. आत्याचा आवाज, "ए, मला कुठे ओढतेस, गुडघे आहेत का माझे?" मी हसत होतो. मोजता मोजता हसत होतो. शंभर म्हटलं आणि वळलो, तर समोर सगळं पांढरं.

त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर काळ होता, हे मी आजही सांगेन. अनवाणी पायांखाली ओली माती. तोंडावर येणाऱ्या गार चादरी. आपण कुठे आहोत ते कळत नाही आणि कळायलाही नको असतं. आत्या ट्रॉलीत बसून वर चादर घेऊन लपली होती, पण ट्रॉली हसण्याने गदगदत होती. "आत्या, सापडलीस!" म्हटल्यावर ती म्हणाली, "हळू ओरड मेल्या, लोक म्हणतील म्हातारीला वेड लागलं," आणि डोळे पुसत पुन्हा हसत सुटली. टिटवी चादरींच्या खालून मला दिसायची, नुसते पाय, पिवळी झालर, आणि मी पोचेपर्यंत तिथे कोणी नसायचं. पण तिचं हसणं होतं. डावीकडून यायचं, उजवीकडून यायचं. सहा वर्षं मी ज्याच्यावर लिहिलं ते हे होतं, आणि मी त्यातलं अक्षरही बरोबर लिहिलं नव्हतं. खेळ बघता येत नाही. तो आतूनच दिसतो.

कधीतरी माझ्या लक्षात आलं की हसणं दोन बाजूंनी एकाच वेळी येतंय.

मी थांबलो. "टिटवी?"

चादरी शांत लोंबत होत्या. मी एका चादरीला हात लावला. निथळत होती. तासभर उन्हात असलेली चादर, आणि माझ्या बोटांवरून पाणी ओघळलं. मी पुढे गेलो. बारा ओळी असतात, मी लहानपणापासून मोजल्यात. बारावी ओलांडली आणि पुढे आणखी एक चादर होती. तिच्यामागे आणखी एक. सावल्या जिथल्या तिथे होत्या. आत्याला हाक मारली, तिचं उत्तर खूप लांबून आलं, पाण्याखालून यावं तसं. "मला नाही रे दिसत… तुझ्या बाजूलाच असेल…"

आणि मग वास आला. वाफेचा. उकळत्या साबणाचा, तापलेल्या कापडाचा. चार वर्षं थंड पडलेल्या बॉयलरचा वास.

त्या वासामागे चालत गेलो तर लाँड्रीचं मागचं दार लागलं. आत अंधुक उजेड. रुळांवरची धूळ जशीच्या तशी. गरम खोलीचं दार लोटलं आणि ऊब अंगावर आली, झोपलेल्या मुलाच्या अंथरुणाला असते तशी. भिंतीतल्या नळाला हात लावला. गार होता.

"टिटवी…"

सगळ्यात खालच्या कप्प्यात, अगदी आतल्या बाजूला, चादरींचे दोन ढीग होते. शेजारी शेजारी. दोन्ही श्वास घेत होते.

मी गुडघ्यांवर बसलो. एका चादरीखालून पिवळ्या फ्रॉकची झालर बाहेर आली होती. दुसरीखालून पांढऱ्या, विटलेल्या झग्याचा खिसा, आणि त्यावर लाल दोऱ्याने नऊ. हात पुढे करून चादर ओढणं एवढंच होतं. पण डावाचा नियम तसा नाही. आधी नाव घ्यायचं.

मला एकच नाव माहीत होतं. आणि माझी नजर त्या पिवळ्या झालरीवर होती.

"टिटवी," मी म्हणालो. "टिटवी… सापडलीस."

चादर उडाली आणि ती माझ्या गळ्यात पडली. तेच पडलेले पुढचे दात, तोच हनुवटीवरचा तीळ, उन्हाने तापलेले तेच केस. खिदळत होती. "किती वेळ लावलास बाबा! किती वेळ!" मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

दुसऱ्या ढिगाकडे मी वळलो तेव्हा चादर खाली बसली होती, आतली हवा गेल्यासारखी. उचलून बघितली. खाली फक्त तो झगा. दमट, आणि कोमट.

टिटवीला कडेवर घेऊन मी बाहेर आलो. बारा ओळी होत्या. बारावीपुढे भिंत होती. मी खांबाला हात लावला आणि बावीस वर्षांपूर्वी जे ओरडायला हवं होतं ते ओरडलो. "डाव संपला! नऊनंबर, बाहेर ये, डाव संपला!" वारा सुटला आणि सगळ्या चादरी एकदम फडफडल्या. कोरड्या होत्या. आत्याने पदराने डोळे टिपले. मला वाटलं, सुटली बिचारी. मला वाटलं, मी सोडवली.

त्या दिवसापासून टिटवी बोलायला लागली. अखंड. शनिवारी समिती आली, तिने अध्यक्षांना हाताला धरून चादरींत नेलं, आणि ते गृहस्थ चष्मा हरवून आणि दोन्ही गालांवर हसू घेऊन बाहेर आले. खेळघर मंजूर झालं. फोनवर तिचं हसणं ऐकून बायको रडली. आणि मी रोज खेळत होतो. वही त्यानंतर मी उघडलेली नाही. बशीतल्या पाण्यात काड्यांची होडी, टेबलाखाली गुहा, जिन्यावर दुकान. दिवसभर मी संध्याकाळची वाट बघायचो.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. त्या रात्री तिचा फ्रॉक काढताना मला दिसलं, पाठीवरची बटणं सगळी नीट लागलेली होती. एकही चुकलेलं नव्हतं.

आत्याने लावली असतील, म्हणून मी सोडून दिलं. आत्याला विचारलं नाही. टिटवी शंभराच्या पुढे मोजायला लागली तेही सोडून दिलं, मुलं शिकतात पटकन. एकदा खिडकीशी बसून ती म्हणाली, "बाबा, दुपारी औषध नसलं की दुपार किती मोठी होते ना?" मी म्हटलं, हो. ती आता तोंडावर चादर घेऊन झोपते. आधी तिला तोंडावर रुमालही चालत नसे.

मग महिन्याभराने, दुपारीच, मी गरम खोलीत फळ्यांची मापं घ्यायला गेलो. टिटवी बाहेर आत्याबरोबर होती, तिचं गाणं मला खिडकीतून ऐकू येत होतं. मी खालच्या कप्प्याशी वाकलो. आणि आतून, लाकडाच्या मागून, कोणीतरी हसू दाबलं. नाकातून आलेला तो बारीक आवाज. लपल्यावर हसू आवरेनासं झालं की टिटवी असंच करायची. तिकडच्या आमच्या घरात, कपाटामागे, पडद्यामागे. तेव्हा मी नेहमी वही उघडून बसलेला असायचो.

"बाबा…" आतून कुजबूज आली. "अंडं फुटलं."

मी सगळे कप्पे उपसले. फळ्या उखडल्या. हाताला रक्त आलं. मागे भिंत होती. बाहेर गाणं चालूच होतं. आत्या धावत आली, तिने माझे हात पाण्यात धरले, आणि काय झालं ते विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "बटणं त्या दिवशी मीही बघितली. मी नव्हती लावली रे."

तुम्ही म्हणाल, भास. मीही तेच म्हणतो. बाहेरच्या मुलीला तिच्या आईचा वास ठाऊक आहे, तिकडच्या घराचा रंग ठाऊक आहे, ती तान्ही असताना मी म्हटलेलं गाणं ठाऊक आहे. ती माझ्या गळ्यात हात टाकून झोपते. तिचं हसणं माझ्या जिवाचं झालंय. पण नियम मला माहीत आहे. नाव चुकलं तर राज्य पुन्हा त्याच्यावरच. आता पुन्हा मोजायचं होतं, आणि या वेळी नाव चुकून चालणार नव्हतं. दुसरं नाव मला कधी माहीतच नव्हतं.

वॉर्डच्या त्या सिस्टरचा पत्ता आत्याने काढून दिला. त्या एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतात. काल संध्याकाळी गेलो. टिटवीला घरी ठेवायचं होतं, पण ती हात सोडेना. ती खालीच थांबली, दुकानापुढच्या फरशीवर खडूने चौकोन आखून लंगडी घालायला लागली.

सिस्टर खूप थकल्यात. टेबलावरचा दिवा लावून त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"ओठावर बोट ठेवायची… हो, ती आठवते. पण नाव… नाही हो. इतकी मुलं हातून गेली. काही घरी गेली, काही…" त्यांनी हात हलवला. "नाही आठवत. माफ करा हं."

"आठवलं तर कळवाल?"

"आता काय आठवणार, बाळा."

मी उठलो. दारापर्यंत सोडायला त्या कठड्याला धरून आल्या. खाली अंधारून येत होतं. टिटवी आमच्याकडे पाठ करून एका पायावर उभी होती, दोन्ही हात पसरून, तोल सांभाळत. सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे ओठ हलले, आणि त्यांच्या तोंडून एक नाव निघालं. हाक मारल्यासारखं नाही, झोपेत बोलल्यासारखं. साधं, लहान नाव. मी ते आयुष्यात प्रथमच ऐकत होतो.

"ओ!" माझी मुलगी खालून म्हणाली.

उचललेला पाय तिने हळूच खाली ठेवला. मग वळली. आधी सिस्टरकडे बघितलं, ओळखीचं हसली. मग माझ्याकडे बघितलं, आणि ओठावर बोट ठेवलं.